केवळाचा तांब्या

केवळाच्या तांब्यावर आजवर दोन प्रबंध लिहिले गेले, पंधरा-वीस लेख छापून आले आणि एक भांडण झालं. भांडण दोन प्राध्यापकांचं. एका चर्चासत्रात ते सगळ्यांदेखत एकमेकांवर घसरले, आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद आहे. एवढं सगळं एका पितळी तांब्यापायी, आणि तोही कादंबरीतला. म्हणजे कुणाची तहान भागवायच्याही उपयोगाचा नाही.

कादंबरी म्हणजे रामकिसन गुरुजींची ‘खालची वेस’. दुष्काळात गाव सोडणाऱ्या केवळा नावाच्या बाईची गोष्ट. शेवटच्या पानावर केवळा घर सोडते. जाताना उंबऱ्यावर तांब्या उपडा ठेवते आणि मागं न बघता निघून जाते. तिथं पुस्तक संपतं. आता हा तांब्या उपडा का? त्याआधी दोनशे पानांत कुठं तांब्याचं नावही नाही. एक प्राध्यापक म्हणाले, हे अजिंठ्याच्या भिक्षूंचं उपडं केलेलं भिक्षापात्र आहे. दुसरे म्हणाले, छे, हा खुलताबादच्या फकिरांचा संस्कार, जगाकडं पाठ फिरवल्याची खूण. तिसऱ्या एकानं हे सरळ परदेशी पुस्तकातून उचललेलं आहे असं लिहून टाकलं, पण कोणत्या पुस्तकातून ते काही त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. गुरुजी होते तोवर लोक त्यांनाच विचारत. ते म्हणत, “ते मी लिहिलेलं नाही, मला सापडलेलं आहे.” लोकांना वाटे, काय हा विनय! मोठ्या माणसानं खरं बोलावं आणि लोकांनी त्याला विनय समजावं, असं चाळीस वर्षं चाललं.

बरं, फारच कुणी खनपटीला बसलं तर गुरुजी म्हणत, “अजिंठ्याकडं तशी रीत आहे म्हणतात.” झालं! फर्दापूरच्या एका हॉटेलवाल्यानं दारात सिमेंटच्या उंबऱ्यावर भला मोठा तांब्या उपडा बसवला आहे. पर्यटक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात आणि गाइड त्यांना ती रीत समजावून सांगतात. ती रीत त्या मुलखात कधीही, कुणाच्याही घरात नव्हती.

हे ठाऊक असलेला एक माणूस मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात, लसूण सोलत बसलेला असे. त्याचं नाव पुंजाराम. वय पंचाहत्तरीच्या पुढं. घर त्याचं नव्हतं, त्याच्या भाचीचं होतं. भाचीचं नाव भागू. ती अंगणवाडीत मदतनीस, पन्नाशी ओलांडलेली, नवरा कंपनीत होता तो लवकर गेला, लेकरूबाळ नाही. पुंजारामची बायको वारल्यावर भागूनं मामाला आपल्याकडं आणलं, त्यालाही आता बारा वर्षं झाली. सकाळी उठून ती त्याला चहा करून देई, डोळ्यांत औषध घाली आणि अंगणवाडीला जाई. पुंजारामला दुसरं कुणीही नव्हतं.

पुंजाराम एके काळी कंपोझिटर होता. गुलमंडीच्या मागच्या बोळात फारूखभाईंचा छापखाना होता, तिथं त्यानं एकतीस वर्षं खिळे जुळवले. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, खणाखणांच्या केसमधून उचलायचा, हातातल्या स्टिकमध्ये उलटा लावायचा, ओळ भरली की गॅलीच्या तबकावर ठेवायची, पान झालं की त्याच्याभोवती सुतळी आवळून बांधायची. उलटी अक्षरं तो सुलट्या अक्षरांपेक्षा जलद वाचत असे. पुढं ऑफसेट आलं, सगळे खिळे पोत्यांत भरून भंगारात गेले, आणि पुंजाराम एका डीटीपीच्या दुकानात प्रुफं तपासायला बसू लागला. ते कामही डोळ्यांनी काढून घेतलं. पण सवय जात नाही. आजही वर्तमानपत्र हातात आलं की आधी तो ओळींमधलं अंतर बघे आणि कपाळाला आठ्या घाली, मग बातमी.

तर त्या दिवशी दुपारी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. खांद्याला झोळी, डोक्यावर ओढणी, हातात हेल्मेट.

“पुंजाराम काका इथंच राहतात ना? मी तबस्सुम. विद्यापीठात मराठीची पीएचडी करतेय. फारूखचाचांनी पत्ता दिला.”

रविवार होता, त्यामुळं भागू घरात होती. तिनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. तबस्सुमनं झोळीतून मोबाइल काढला आणि एक फोटो मोठा करून पुंजारामपुढं धरला. पिवळ्या पडलेल्या कागदावर निळ्या शाईचं अक्षर. ते अक्षर पुंजारामनं चव्वेचाळीस वर्षांनी पाहिलं. गुरुजींचं अक्षर.

“गुरुजींच्या मुलीकडं माळ्यावर सापडलं हे,” तबस्सुम म्हणाली. “‘खालची वेस’चं हस्तलिखित. छापखान्यातून परत आलेलं. हे शेवटचं पान बघा काका. यात तांब्या नाहीये. कुठंच नाही. मग छापलेल्या पुस्तकात आला कुठून? प्रुफांवरही नाही, तीही मिळाली. म्हणजे गुरुजींनी शेवटची प्रुफं पास केल्यावर आणि पान मशीनवर चढायच्या आधी कुणीतरी दोन ओळी बदलल्या. फारूखचाचा म्हणाले, ते पान तुम्ही जुळवलं होतं.”

पुंजारामनं फोटोतल्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या. ‘केवळानं दार ओढून घेतलं. कडी तशीच लोंबत राहिली.’ चव्वेचाळीस वर्षं तो या दोन ओळी आठवायचा प्रयत्न करत होता. चांगल्या होत्या. आपल्या ओळींपेक्षा या बऱ्या होत्या, असं त्याला वाटलं आणि आणखीच वाईट वाटलं.

“काका?”

त्यानं वर पाहिलं. तबस्सुमच्या मागं भागू चहाची कपबशी घेऊन उभी होती.

“लई दिवस झाले,” पुंजाराम म्हणाला. “नाय आठवत काही.”

मुलगी हुशार होती. तिला खोटं कळलं, पण तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. चहा संपवून ती उठली. “पुढच्या सोमवारी मला चर्चासत्रात निबंध वाचायचाय काका. मी रविवारी परत येते. नाही आठवलं तर ‘अज्ञात हात’ असं लिहीन. पण आठवलं तर बरं होईल. एवढे लोक एवढी वर्षं भांडतायत, त्यांना निदान कळू दे, कुणाचा होता तो तांब्या.”

ती गेली. भागूनं कपबशा उचलल्या, मोरीवर नेऊन धुतल्या, तांब्या घासला, फडक्यानं कोरडा पुसला आणि फळीवर उभा ठेवला. ती नेहमीच तसं करी. बायका भांडी धुऊन उपडी घालतात, भागू बाकीची भांडी उपडी घाली, तांब्या मात्र पुसून उभा ठेवी. लहानपणापासून तिची ती खोड. पुंजारामनं ते बारा वर्षं रोज पाहिलं होतं आणि एकदाही त्याबद्दल विचार केला नव्हता.

कुणाचा होता तो तांब्या? सारजाचा होता.

सारजा पुंजारामची थोरली बहीण, भागूची आई. अजिंठ्याला सडकेला लागून तिचं सासर. नवरा सांडू, स्वभावानं गरीब आणि आईच्या शब्दाबाहेर नसलेला. सारजाला खोकला लागला, मग ताप राहू लागला. सासू म्हणे, कामाचा कंटाळा. पुंजाराम राखीला गेला तेव्हा सारजा त्याला वेशीपर्यंत सोडायला आली. छापखान्यातून महिन्याला एकदा पुंजाराम फर्दापूरच्या एका हॉटेलाला बिलबुकं पोचवायला एसटीनं जातो, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली,

“मला काय पत्र लिहिता येत नाय. सांगावा धाडायची सोय नाय, सगळे ह्यांचेच. पर तुझ्या बसमधून आमचा ओटा दिसतो. ओट्यावर तांब्या असतो पाय धुवायचा. तो उभा दिसला तर समज, सारजा बरी हाय. लई झालं ना, तर मी तो उपडा ठेवीन. मग उतर आन् मला घेऊन जाय शहरातल्या दवाखान्यात. भाऊ न्यायला आला तर सासू काय म्हणती?”

सात महिने पुंजाराम डाव्या बाजूची खिडकी धरून बसे. अजिंठा आलं की मान बाहेर काढी. तांब्या उभा. तो निवांत पाठ टेकून बसे, आणि पुढं घाट उतरताना त्याला डुलकी लागे.

आठव्या महिन्यात, एका मंगळवारी, तांब्या उपडा होता.

त्या दिवशी फारूखभाईंनी बजावून सांगितलं होतं, “चार वाजेपर्यंत यायचंच, पुंजाराम. गुरुजींचा शेवटचा फर्मा राहिलाय, सोळा पानं. प्रकाशनाची तारीख ठरली, पाहुणे ठरले, और अपने पास पन्नेच नहीं.” छापखान्यात दुसरा कंपोझिटर तापानं पडलेला. शिवाय, खरं सांगायचं तर, पुंजारामलाही ते पुस्तक आपल्या हातानं संपवायचं होतं. केवळाचं काय होतं ते जुळवता जुळवताच त्याला कळत होतं, आणि त्यात तो गुंतला होता. त्यानं उपडा तांब्या पाहिला, आणि लगेच मान फिरवून समोरच्या सीटकडं बघत बसला. वाळायला ठेवला असेल, तो मनाशी म्हणाला. भांडी धुतली की उपडीच ठेवतात की. जाताना नको, येताना उतरू. येताना तो मुद्दाम ओटा दिसणार नाही अशा बाजूला बसला. येताना नको, रविवारी सुट्टीच आहे, रविवारी येऊ.

गुरुवारी निरोप आला. सारजा गेली.

तिसऱ्याची राख सावडून तो सोमवारी छापखान्यात परतला, कारण फर्मा तसाच अडकला होता. गुरुजी प्रुफं पास करून, ती प्रुफं आणि आपलं हस्तलिखित घेऊन गावाकडं गेले होते. काम संपलं की मूळ कागद लेखकाला परत द्यायचे, ही फारूखभाईंची शिस्त. दुसऱ्या छापखान्यांत मूळ कागदांनी शाईचे हात पुसत, फारूखभाई म्हणत, ज्याचं लिखाण त्याला अदबीनं परत. ती अदब पुंजारामला नडली. शेवटचं पान त्यानं गॅलीवरून उचललं, आणि उचलता उचलताच त्याला कळलं की सुतळी नीट आवळलेली नाही. गुरुवारी निरोप आला तेव्हा तो तेच पान बांधत होता, गाठ तशीच ढिली राहिली होती. पान मधोमध फुटलं आणि सगळे खिळे फरशीवर सांडले.

एकतीस वर्षांत त्याच्या हातून पान एकदाच सांडलं, ते हे. फारूखभाई जेवायला गेले होते. पुढं ना कागद, ना प्रूफ. संध्याकाळी फर्मा मशीनवर चढायचा होता. पुंजारामनं खिळे गोळा केले आणि आठवणीतून पान पुन्हा जुळवायला बसला. कंपोझिटरच्या बोटांना पान पाठ असतं. वीस ओळी उतरल्या. शेवटच्या दोन काही केल्या येईनात. केवळा दाराशी येते, आणि मग? डोळ्यांपुढं दार येई ते अजिंठ्याचं. ओटा येई तो सारजाचा. पान अपुरं ठेवता येत नाही, चौकटीत पोकळी राहिली तर सगळा फर्मा ढिला पडतो. पुंजारामनं स्टिक हातात घेतली आणि जे दिसत होतं ते जुळवलं. ‘जाताना केवळानं उंबऱ्यावर तांब्या उपडा ठेवला. मग तिनं मागं पाहिलं नाही.’ ओळी मोजून बसल्या. त्याच्या चेहऱ्यावरून पाणी गळत होतं, पण हात एकदाही चुकला नाही.

प्रकाशन झाल्यावर चार दिवसांनी गुरुजी छापखान्यात आले. पुस्तकाचं शेवटचं पान उघडून केसपाशी उभे राहिले.

“पुंजाराम, हे कुणाचं?”

“माझं. पान सांडलं व्हतं, गुरुजी.”

गुरुजींनी त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाले, “तांब्या उपडा का पण?”

त्या वेळी सांगता आलं असतं. गुरुजी ऐकणारा माणूस होता. पण मागच्या बाकावर सात वर्षांची भागू बसली होती, खोक्यातले मोडके खिळे ओळीनं मांडत. सांडूनं तेराव्यालाच ठरवलं होतं दुसरं लग्न करायचं, आणि पोर मामाच्या दारात आणून सोडली होती. पुंजाराम म्हणाला, “अजिंठ्याकडं तशी रीत हाय, गुरुजी.”

“राहू दे मग,” गुरुजी म्हणाले, आणि पुढं मरेपर्यंत त्यांनी पुंजारामचं नाव कुणाला सांगितलं नाही. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून असेल. स्वतःच्या पुस्तकाचा सगळ्यात नावाजलेला शेवट आपला नाही, हे सांगणं जड गेलं म्हणूनही असेल. दोन्ही असेल.

आता तबस्सुमचा रविवार जवळ येत होता आणि पुंजारामला झोप लागत नव्हती. सारजाचा एक फोटो नव्हता. जन्माचा दाखला नाही, मरणाचा नाही. तिची आठवण काढणारी माणसं उरली दोन, तो आणि भागू, आणि भागूही तिच्याबद्दल कधी बोलत नसे. जगात सारजाचं म्हणून काही राहिलं असेल तर त्या दोन ओळी, आणि त्यांवर कुणी भिक्षूंचं नाव घालत होतं, कुणी फकिरांचं. आता विचारायला आपणहून माणूस आलं होतं. नाव सांगितलं की छापलं जाणार होतं, ‘सारजा’ ही अक्षरं कुठल्या तरी पानावर बसणार होती. पण नाव सांगायचं तर बस सांगावी लागणार. मान फिरवली ते सांगावं लागणार. भागूला एवढंच ठाऊक होतं की आई तापानं गेली आणि देवमाणूस मामानं तिला वाढवलं. शेजारणींना ती तेच सांगे. आणि पुंजाराम, ‘देवमाणूस’ हा शब्द चव्वेचाळीस वर्षं मान खाली घालून ऐकत आलेला माणूस, आज तिच्या छपराखाली, तिच्या हातचं खाऊन जगत होता. हिनं उद्या उंबऱ्याबाहेर काढलं तर जायला जागा नव्हती. पण जागेपेक्षा त्याला धास्ती होती ती तिच्या चेहऱ्याची.

रविवारी दुपारी भागू तांदूळ निवडत बसली होती. पुंजाराम समोर भिंतीला टेकून बसला. तबस्सुम चारला येणार होती. तीन वाजून गेले होते.

“भागू,” तो म्हणाला, “ती पोरगी यायच्या आधी तुला एक सांगायचंय. तुझ्या आईचं.”

भागू ताटातले तांदूळ बोटानं पुढं सारत राहिली. पुंजारामनं सांगायला सुरुवात केली. राखी सांगितली, वेस सांगितली, सात महिन्यांचा उभा तांब्या सांगितला. मग आठवा महिना आला. तोही त्यानं सांगितला. तांब्या दिसला, मान फिरवली, येताना ओट्याची बाजू टाळली, काही एक गाळलं नाही. सांडलेलं पान सांगितलं, गुरुजींना सांगितलेलं खोटं सांगितलं. “मला अजून ठाव नाय भागू,” तो शेवटी म्हणाला, “तिनं खुणेसाठी ठेवला व्हता का वाळायला. हेच एक मी सोताला रोज इचारतो.”

भागूनं एक खडा शोधून काढला आणि बाजूला टाकला.

“तिनं नाय ठेवला,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी सुटलो की काय, असं पुंजारामला क्षणभर वाटलं.

“तिला उठवत नव्हतं,” भागू म्हणाली. “मला म्हणली, भागू, तांब्या उपडा ठेव ओट्यावर. आज मामाची बस हाय, मामा येतो. मीच ठेवला. आन् मी पायरीवर बसले. बस आली. तुमी खिडकीत व्हते, पांढरा सदरा. मी हात केला. तुमी तांब्या बघितला आन् तोंड तिकडं केलं.”

पत्र्यावर एक कावळा चालत होता. त्याच्या नखांचा आवाज घरभर ऐकू येत होता.

“मला वाटलं, पुढं स्टँडावर उतरून चालत येतील. मग वाटलं, सामान द्यायचं असंल, येताना उतरतील. दिवेलागणीपतुर बसले. आई आतून इचारत व्हती, आला का गं? मी म्हणले, येऊ लागला. दोन दिवस मी तेच म्हणत व्हते.”

पुंजारामच्या तोंडून भलतंच निघालं. “मग... मग तू मला कधी बोलली कामून नाय?”

भागूनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर पुंजारामला बरं वाटलं असतं.

“बापानं आणून तुमच्या दारात सोडलं,” ती म्हणाली. “सात वर्साची पोर मी. बोलले असते आन् तुमी हाकललं असतं, तर कुठं गेले असते? मामी जेवू घालायची, गप जेवायचे. नंतर लगीन झालं, नंतर तुमी म्हातारे झाले. मग कशाला?”

म्हणजे ज्या भीतीनं तो गप्प होता, त्याच भीतीनं तीही गप्प होती. आपण तिला फसवतोय असं तो समजत राहिला आणि ती पहिल्या दिवसापासून सगळं जाणून त्याच्या ताटाशेजारी ताट मांडून बसत आली. छापखान्याच्या बाकावर बसून तिनं ‘अजिंठ्याकडं तशी रीत हाय’ हेसुद्धा ऐकलं होतं. पुंजारामनं डोक्यावर दोन्ही हात घेतले आणि तो गुडघ्यांत तोंड घालून बसला. रडू मात्र आलं नाही. ते सगळं त्या पानावरच संपलं असावं.

चारला तबस्सुम आली. घरातली हवा तिला लगेच जाणवली असणार, कारण ती उंबऱ्याशीच थांबली. “मी नंतर येऊ का?”

“या की मॅडम,” भागू उठत म्हणाली. “तुमाला नाव पायजे ना? लिहून घ्या.”

तबस्सुमनं पुंजारामकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. तिनं वही उघडली.

“सारजा. सारजा सांडू, राहणार अजिंठा. तिचा तांब्या व्हता त्यो. भिक्षूचा नाय, फकिराचा नाय. ती लई दुखणाईत व्हती आन् तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून. उपडा ठिवला तो भागूनं. तिच्या लेकीनं. म्हणजे मी.”

“आणि पुस्तकात घातला तो...” तबस्सुम हळूच म्हणाली.

“ह्यांनी. पुंजाराम.” भागूनं क्षणभर विचार केला. “हे बसमधी व्हते, तेवढं लिहा. खिडकीपाशी.”

तबस्सुमची लेखणी अडली. तिला अर्धंच कळलं होतं. बाकीचं तिनं विचारलं नाही. तिनं तीन नावं एकाखाली एक लिहिली, पुन्हा एकदा वाचून दाखवली, भागूनं मान हलवली. निघताना ती पुंजारामच्या पायाशी वाकली. पुंजारामनं पाय मागं घेतले.

संध्याकाळी भागूनं रोजच्यासारखा स्वयंपाक केला. पिठलं, भाकरी, आणि मामाला कडक भाकरी चावत नाही म्हणून तिच्यावर दुधाचा थोडा शिडकावा. दोघं जेवली. पुंजारामला घास गिळवत नव्हता, पण ताटात टाकायची हिंमत नव्हती, त्यानं सगळं संपवलं. शेजारची बाई मीठ मागायला येऊन गेली. भागू तिच्याशी दोन शब्द हसून बोलली.

मग भागू मोरीवर बसली. ताटं घासली, पातेलं घासलं, सगळ्यात शेवटी तांब्या घासला. फडकं खांद्यावरच होतं. पुंजाराम भिंतीला टेकून बघत होता. भागूनं तांब्या विसळला, फळीवर ताटांच्या शेजारी उपडा ठेवला आणि हात पुसत दिवा मालवायला उठली.

“भागू,” पुंजाराम म्हणाला.

“काय मामा?”

वाळायला ठेवला का, एवढंच विचारायचं होतं. ते त्याच्यानं झालं नाही. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.